शिंप्याच्या बायकोचं वजन

खऱ्या प्रेमाची परीक्षा काकडीने होते. निदान एका शिंप्याच्या घरात झाली, आणि त्यात शिंपी नापास झाला.

"आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन," असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बजावलं होतं. ती निमूटपणे काकडी, गाजर, पालक खाऊ लागली आणि दर रविवारी जुना निळा ड्रेस घालून पाहू लागली; घरात वजनकाटा नव्हता. पहिल्याच रविवारी चेन अडली आणि तिचे डोळे भरून आले. शिंप्याला ते बघवेना. त्याने गुपचूप शिवण उसवून ड्रेस बोटभर सैल केला.

पुढच्या रविवारी चेन सरकन वर गेली.

"अहो, बघा, उतरलं की नाही वजन!"

"तर काय! रस्त्यात दिसलीस तर ओळखायचो नाही."

त्या खुशीत तिने पालकाला सुट्टी दिली आणि पुन्हा तळणाला हात घातला. शिंपी मात्र शिवण उसवतच राहिला. खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

शेवटी ते दवाखान्यातल्या काट्याने सांगितलं. वजन वाढलं होतं, ऑपरेशन पुढे गेलं. परतताना जिन्यात ती कठडा धरून थांबली.

"पण ड्रेस तर होत होता हो मला."

शिंप्याने तिला आधाराला हात दिला. ड्रेसच्या शिवणीत आता सोडायला कापडही उरलं नव्हतं.