पेन्सिलीखालचा तीळ

डॉक्टरांनी भिंग आईच्या गालावर टेकवलं आणि दिवा जवळ ओढला. आईने श्वास रोखून धरला.

"कधीपासून आहे हा?"

"जन्माचा आहे. आईच्या पोटातून घेऊनच आले."

"एवढाच होता?"

"एवढाच. राईभरही फरक नाही."

शेजारी बसलेल्या लेकीने मान वर केली. लहानपणी ती याच तिळावर बोट ठेवून झोपायची. तेव्हा तो बोटाला लागत तरी होता का, हे तिला काही केल्या आठवेना. आता तो चांगला वर उचलून आला होता. कडा फाटल्यासारख्या होत्या आणि एका बाजूला निळसर काळी झाक होती.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "तुकडा काढून तपासायला पाठवू."

"चेहऱ्याला सुरी लावू देणार नाही मी. जन्मभर ज्याने त्रास दिला नाही, त्याला कशाला डिवचायचं? हात दाखवून अवलक्षण!"

"मग जुने फोटो आणा. ताडून पाहू. वाढलेला दिसला तर मात्र थांबता येणार नाही."

"आणते की! नवराच फोटोग्राफर. आमच्या घरात पातेल्यांपेक्षा माझे फोटो जास्त आहेत. कुठल्या सालचा हवा, बोला."

डॉक्टर हसले. लेकीला हसू आलं नाही. आई एकदम एवढी खुशीत का आली, ते तिला कळेना.

घरी येऊन तिने अल्बम काढले. नवी नवरी असलेली आई, लेकीला कडेवर घेतलेली आई, चाळिशीतली, साठीतली. गाल सगळीकडे स्वच्छ. तिने एक फोटो खिडकीत नेऊन उजेडात धरला. तिथेही काही नव्हतं.

अल्बम घेऊन ती मागच्या खोलीत गेली. दुकान विकल्यावर वडिलांनी सगळं सामान तिथे आणून ठेवलं होतं. आईच्या वाढदिवसाला मात्र ते जुना कॅमेरा काढत आणि तिचा एक फोटो घेत. त्यात कधी खंड नव्हता.

"बाबा, तीळ कुठे गेला?"

"मीच घालवला. पहिला फोटो काढताना म्हणाली होती, तेवढा डाग दिसू देऊ नका. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापताना डाग उजळतो. मग तशी सवयच पडली."

"पुसता येते ती पेन्सिल?"

वडिलांनी उठून टर्पेंटाईनची बाटली शोधली.

काचेखाली दिवा असलेल्या पेटीवर त्यांनी निगेटिव्ह ओळीने मांडल्या आणि फडक्याने एकेक पुसत गेले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि काळं ते उजळ. पहिल्या काळ्या गालावर सुईने टोचल्यासारखा उजेडाचा ठिपका आला. पुढे बरीच वर्षं तो तसाच होता. मग मुगाएवढा झाला. मग त्याची एक कड बाहेर सरकली. त्यानंतर तो गोलही राहिला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," लेक हळूच म्हणाली.

वडिलांनी फडक्याची घडी बदलली. "दर वेळी वाटायचं, आपलाच हात जड झालाय."

दारात पाऊल वाजलं. आई पेटीवरचा उजेड पाहून तिथेच उभी राहिली.

"पुसलंत?"

"अगं, ऐक तर..."

"चांगलं चाललं होतं की आपलं."

"आई, म्हणजे तुलाही?"

"यांच्या पेन्सिलीला टोक कोण करून द्यायचं? पूर्वी एका टोकात भागायचं. पुढे पुढे मी टोक करून करून थकायला लागले. न कळायला मी काय खुळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "यांना वाटायचं, हिला कळलेलं नाही. म्हटलं, वाटू दे. तेवढंच सुख."

पेटीतला दिवा बारीक गुणगुणत होता. कडेला यंदाची निगेटिव्ह होती, अजून न पुसलेली. वडिलांनी फडका ओला केला, तिच्यावर नेला आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"आणा इकडे," आई म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, फडका त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला आणि गालावरची पेन्सिल पुसायला लागली. उजेड पसरत गेला, तरी तिने हात थांबवला नाही.