वाकड्या तोंडाचा पेला

भट्टीतून निघालेला पेला वहिनी आधी कानाशी नेते आणि मग डोळ्यांसमोर धरते. नखाने त्याच्या कडेवर हलकेच टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि उमटलेला नाद पुरता विरेपर्यंत निश्चल उभं राहायचं, ही तिची सवय. नाद स्वच्छ निघाला तर पेला धड. मध्येच बसका झाला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर. माघातली सकाळ असते, मुरुडच्या आमच्या वाडीत पोफळींमधून गाळून आलेलं ऊन पडवीभर तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं असतं, अंगणात सुपारी वाळत असते, आणि त्या निवांतपणात तो एकच बारीक नाद. वहिनीचं चित्र काढायचं झालं तर मी या ऐकण्यापासून सुरुवात करीन. पूर्वी ऐकताना तिची मान किंचित कललेली असे, लाडक्या मुलाचं बोबडं बोलणं ऐकावं तशी. आता ती मान खाली असते.

मी तिची नणंद, लग्न होऊन रोह्याला गेलेली. माझा भाऊ, आमचा दादा, फोटोग्राफर होता. घराच्याच रस्त्याकडच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता, आणि आखातात नोकरीला निघालेली गावातली कितीतरी माणसं आधी त्याच्या स्टुलावर बसून मगच विमानात बसली. "मान सरळ. तोंड मिटा. आता हलायचं न्हाय," हे त्याचं पालुपद ऐकतच मी वाढले. जगात एकही चेहरा मुळात वाकडा नसतो, तो फक्त नीट बसलेला नसतो, अशी त्याची श्रद्धा होती. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस अर्धांगवायूने त्याची डावी बाजू नेली. ओठांचा एक कोपरा कायमचा खाली ओघळला, डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली, आणि आयुष्यभर लोकांना सरळ बसवणारा माणूस कॅमेरा दिसला की तोंड फिरवू लागला. माझ्या लेकीच्या लग्नात तो मांडवाच्या खांबाआड बसला होता. आजारपणाच्या त्या साऱ्या वर्षांतला त्याचा एकही फोटो आमच्यापाशी नाही.

स्टुडिओ मिटला आणि जिथे पूर्वी पाण्यातल्या कागदावर माणसांचे चेहरे हळूहळू उमलत, त्या अंधाऱ्या खोलीत वहिनीची विजेची भट्टी आली. मातीकाम ती अलिबागला एका शिबिरात शिकली होती. आधी पणत्या, कुंड्या, बरण्या असं चाले. मग किहीमला कॉटेज चालवणारी मुग्धा नावाची मुंबईची मुलगी आली आणि तिने 'टिकी मग' नावाचे पेले मागितले. दूरच्या महासागरातल्या बेटांवर लाकडात देव कोरतात, त्यांच्या चेहऱ्यांचे हे उंच पेले. त्यांतून पाहुण्यांना बर्फ घातलेलं मद्य द्यायचं. वहिनीने चित्रं पाहिली आणि ती अवघडली. "कुनाचं तरी देव हायेत हे. त्यांच्या डोक्यात दारू ओतायची?" त्या अनोळखी देवांपुढे तिने खरोखर हात जोडले, चित्रं परत केली आणि म्हणाली, "देव नको बाई. मी मानूस करते."

केलंही तिने. तिच्या साऱ्या दुःखाचं मूळ या सोवळेपणात आहे, हे आठवलं की मला आजही दैवाचा राग येतो.

पडवीत एका अंगाला दादाची खाट आणि समोर वहिनीचा पाट. ती मातीच्या गोळ्यातून नाक ओढायची, भुवई चढवायची, ओठ दाबायची, आणि मध्येच उठून दादाच्या ओघळलेल्या ओठाचा कोपरा पदराने टिपून पुन्हा मातीकडे वळायची. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर असे तिचे हात दिवसभर जात-येत. मनासारखं तोंड साधलं की त्याच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात पातळ माती ओतायची, कडेने मातीची भिंत धरली की उरलेली उपसायची, मग सुकवणं, भाजणं, चकाकीचा हात देऊन पुन्हा भाजणं. घरात या पेल्यांना 'तोंडं'च म्हणत. "आज तोंडं भाजायची हायेत," असं ती निर्व्याजपणे म्हणायची आणि खाटेवरून दादा अर्ध्या ओठाने हसायचा. एक तोंड तिच्या विशेष आवडीचं होतं. माझ्याही. त्याच्याकडे पाहिलं की कसं घरी आल्यासारखं वाटे, आणि का वाटतं याचा विचार मी कधी केला नाही.

एका दुपारी मुग्धा हसतच आली. "काकू, बाकीचे राहू देत. सगळ्यांना तो वाकड्या तोंडाचाच हवाय."

"वाकडा?" वहिनीला कळेना. "कुठला वाकडा?"

मुग्धाने फोन पुढे केला. पिवळ्या सदऱ्यातला एक तरुण, गालाशी तो पेला धरलेला, आणि पेल्यावरच्या चेहऱ्याची नक्कल म्हणून त्याने स्वतःचा ओठ एका बाजूला ओढून खाली पाडलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. मागे चारचौघं खिदळत होती. मुग्धाच्या मनात काही पाप नव्हतं. गंमत म्हणून तिने तो फोटो वहिनीच्या फोनवर पाठवूनही दिला. त्या दिवशी मी माहेरी होते. वहिनीने फोनकडे पाहिलं, खाटेवर डोळा लागलेल्या दादाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त जे उतरलं ते मी अजून विसरलेले नाही.

आम्हाला दिसलंच नव्हतं. रोज टिपलेला, रोज भरवलेला तो चेहरा आमच्या डोळ्यांना कधीच सरळ होऊन गेला होता. वहिनीने व्यंग घडवलं नव्हतं. तिच्या लेखी पुरुषाचा चेहरा असाच असतो, म्हणून तिने तो तसा केला होता. पण हे त्या पिवळ्या सदऱ्याला कोण सांगणार? लाज अशा हिशेबाने येत नाही. आपल्या नवऱ्याचं दुखणं आपणच घडवून, भाजून, चकाकी देऊन दारूच्या टेबलावर हसायला मांडलं, एवढंच तिला दिसत होतं. मुग्धा जाताच तिने साचा उचलला, मागल्या दारी नेला आणि धोंड्यावर आपटला. प्लास्टर फुटलं त्याचा आवाज अगदी बसका होता.

पडवीत आलो तर दादा जागा होता.

"मोडलास?" त्याने विचारलं. एकेक अक्षर त्याला ओढून काढावं लागे.

वहिनीने पदर तोंडाला लावला. "तुमाला म्हाईत व्हतं?"

"पयल्यापासून." वाऱ्यावर झावळ्या सळसळल्या. मग उजव्या हाताने, स्टुलावरच्या गिऱ्हाइकाला थांबवायचा तसा, त्याने पंजा किंचित उचलला. "फोटो... बरा आलेला."

पेल्यालाच फोटो म्हणणाऱ्या या शब्दांनी तिची लाज फिटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती दुणावली. त्याला ठाऊक होतं, म्हणजे आपला चेहरा साच्यातून निघताना, खोक्यात भरला जाताना तो रोज मुकाट्याने पाहत होता. त्याने ते माफ केलं होतं की मनापासून आवडून घेतलं होतं, हे तिला विचारवलं नाही. आणि ज्याला कॅमेऱ्यापुढे कुणी बसवू शकलं नाही, तो तिच्या मातीपुढे आपणहून बसला होता, हे तिला साचा फुटल्यावर कळलं.

पुढे तिने ते तोंड पुन्हा घडवायचा किती प्रयत्न केला. समोर दादा होता, हात तेच होते, माती तीच होती. पण आता तिला वाकडेपणा दिसत होता. चेहरा कधी भीतीने सरळ होऊन जाई, कधी दुष्टपणे वेडावल्यासारखा उतरे. दादा काही त्यात येईना. संध्याकाळी ती तो गोळा पाण्यात विरघळवून टाकायची आणि हात धुताना दादाच्या नजरेला नजर देत नसे. श्रावणात दादा गेला.

भिंतीवर हार घातलेला आहे तो तरुण दादा, मान सरळ, तोंड मिटलेलं. स्वतःच काढलेला, निर्दोष. वहिनी त्याला रोज कुंकू लावते, पण बोलत नाही त्याच्याशी. वाकड्या तोंडाचा एकही पेला घरात उरला नव्हता, म्हणून किहीमला मी चौकशी केली. काही पेले पाहुणे विकत घेऊन गेले, उरलेले हाताळताना फुटले, असं मुग्धा ओशाळून म्हणाली. तोवर तिला सारं कळलं होतं.

परवा रोह्याहून गेले तेव्हा वहिनी पडवीच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. मी मागून वाकून पाहिलं. तोच फोटो. पिवळ्या सदऱ्यातल्या त्या मुलाच्या वेडावणाऱ्या तोंडावर तिने अंगठा ठेवला होता, आणि अंगठ्याच्या बाजूला, परक्या हातात, आमचा दादा होता. ओठ ओघळलेला, पापणी अर्ध्यावर, जसा तो रोज सकाळी चहाची वाट पाहत असे तसा. फोनचा उजेड मंदावला की ती दुसऱ्या बोटाने त्याला जागं करी. अंगठा मात्र हलू देत नसे.

गेलेल्या माणसाचा चेहरा काळ आपल्याला मानाने आणून देत नाही. तो जिथे उरला असेल तिथून, हसणाऱ्याच्या हातातूनसुद्धा, मान खाली घालून मागून घ्यावा लागतो.