पार्सलातला फ्रॉक

संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते. विष्णुपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात दीपमाला भरदुपारी कागदं लावत बसली होती. साक्षीचं बोनाफाईड, शाळेच्या पावत्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. उद्या नांदेडच्या कोर्टात लेकीच्या पोटगीची तारीख. सहा वर्षांपूर्वी भागवतनं मायलेकींना सोडून हिमायतनगरला दुसरा संसार थाटला, तेव्हापासून पोर जेवली का उपाशी, हेही त्यानं विचारलं नव्हतं. पण त्याच्या वकिलानं कोर्टात दिलेल्या लेखी म्हणण्यात एक ओळ होती, आणि ती वाचल्यापासून दीपमालाला घास गोड लागत नव्हता. ‘मुलीला दर दिवाळीस कपडे पाठवतो. शेजारीण महानंदाबाई साक्षीदार.’

महानंदाबाई काही लबाड बाई नव्हती. लबाडी दीपमालाचीच. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? म्हणून दरसाल ती आपल्याच मशीनवर फ्रॉक शिवायची, खोक्यात घालायची, आणि साक्षीच्या पप्पानं एसटीच्या पार्सलनं धाडला म्हणून गल्लीभर दाखवून यायची. ती गोष्ट हिंडत हिंडत हिमायतनगरला पोचली होती.

तेवढ्यात साक्षी गेल्या दिवाळीचा पार्सलातला फ्रॉक घालून समोर आली.

“उद्या ह्योच घालते. पप्पाला बरं वाटंल, न्हाई का?”

दीपमालानं तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. पोर रडली नाही. बाहीच्या चुण्या चाचपत राहिली.

“पप्पानं मला सहा वर्सं बघितलंच न्हाई,” ती हळू म्हणाली. “मग माप कसं बरोबर यायचं, ह्ये मला कळाया पायजे होतं.”

संध्याकाळी महानंदाबाईकडे हळदीकुंकू होतं. कुंकवाचं बोट कपाळाशी आलं तशी दीपमाला म्हणाली, “थांबा अक्का. ती पार्सलं माझीच होती. त्यानं रुमालसुदीक धाडला न्हाई. उद्या मी कोर्टात खरं सांगणार हाय.”

बोट हवेतच राहिलं. बायका आपापल्या वाणाकडं बघू लागल्या. कुणी तिला बस म्हटलं नाही.

सकाळी स्टॉपवर दोघीच. साक्षी शाळेच्या ड्रेसमध्ये. फ्रॉक घडी घालून कागदांच्या पिशवीत.

“जजसायबाला दाखवू, मम्मी. शिवण तुजीच हाय की.”

दीपमालाच्या कपाळावरची टिकली तिची तिनंच लावलेली होती. खोटं बोलत होती तोवर गल्लीनं तिला कुंकू लावलं. खरं बोलली आणि बोट थांबलं. ते बोट तुमच्या-आमच्या घरातलं तर नव्हतं ना?