कंट्रोल

दीपस्तंभाच्या पहिल्या पायरीशी उभं राहून थेंबने डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळात बघत पंधरा सेकंद मोजले.

"किती?" काकूंनी विचारलं.

"एकोणीस. म्हणजे शहात्तर."

"अगं, अजून एक पायरी चढली नाहीस," भिंगरी म्हणाली. "पाण्यात उतरायच्या आधीच टॉवेल मागतेस."

रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षांत तिच्या हातून नमुन्याचा एक थेंबही सांडला नव्हता, म्हणून तिला थेंब म्हणत. शेजारच्या टेबलावरची भिंगरी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून ती भिंगरी. काकू नोंदणीच्या खिडकीत बसत आणि त्यांना सगळेच, साहेबसुद्धा, काकूच म्हणत.

सकाळी साडेआठला प्रयोगशाळेतलं मोठं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला उद्या येणार म्हटल्यावर साहेबांनी नमुने दुसरीकडे पाठवून दिले आणि तिघींना घरी जायला सांगितलं. भिंगरी दोघींना सोडते म्हणाली, पण तिने गाडी घराच्या दिशेला वळवलीच नाही.

"घरी जाऊन काय करणार? पडदे धुणार?" एवढंच ती म्हणाली, आणि तासाभराने समोर समुद्र आला. धक्क्याच्या कठड्यावर बसून अकरा वाजताच तिघींनी आपापले डबे फस्त केले. चमचा एकच होता. तो काकूंनी आळीपाळीने दिला, खिडकीत टोकन देतात तसा. थेंब इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा हात छातीकडे गेला. दोघींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चौदा महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवली होती. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले होते, आता चाला, जिने चढा, पूर्वीसारख्या राहा. तिने मान डोलावली आणि दवाखान्यातून लिफ्टने खाली उतरली. तेव्हापासून दहा पायऱ्या चढल्या की आत धडधडायचं, आणि धडधडलं की ती खाली बसायची. झोपायची खोली तळमजल्यावर आली. नवरा रोज संध्याकाळी तिची नाडी मोजून कॅलेंडरवर लिहायचा. त्या आकड्यापलीकडे दोघांचं बोलणं फारसं जात नसे.

"पन्नास पायऱ्या," ती आता म्हणाली. "नाही जमलं तर मी उतरणार. तुम्ही जा पुढे."

"जमलं तर?" भिंगरीने विचारलं.

थेंबने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

जिना दगडी होता, गोल गोल वर जाणारा, आणि आत माठात असतो तसा गारवा होता. पन्नासाव्या पायरीशी एक अरुंद खिडकी होती. तिथे थांबून तिने पुन्हा बोटं ठेवली. ओठ हलले, मग थांबले.

"सव्वीस. एकशे चार." तिने भिंतीला हात टेकवला. "बघ. म्हटलं नव्हतं? मी उतरते."

काकूंनी पर्समधून पेन आणि एक कोरा फॉर्म काढला होता. त्यांनी आकडा लिहिला, त्याच्या शेजारी उभी रेघ मारली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आणि कंट्रोल?"

"काय?"

"कंट्रोलचा रकाना रिकामा आहे. तो भरल्याशिवाय मी सकाळचा कागद घेते का कधी?"

थेंब बघतच राहिली. रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी मशीनमध्ये कंट्रोल घालायचा. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, असा नमुना. तो ठीक आला, तरच पुढच्या आकड्यांना अर्थ. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी हे शिकवायची ती स्वतः. एकदा तर एकीला यावरून तिने रडवलं होतं. आणि चौदा महिने रोज एक आकडा, कॅलेंडरवर, एकटाच.

तिचे कान तापले. तिने भिंगरीपुढे हात केला.

"मनगट दे."

"मी रोज अर्धा तास पोहते हं," भिंगरी म्हणाली. "माझ्याशी कसली तुलना?"

"म्हणून तर तू कंट्रोल," काकू म्हणाल्या. "उभी राहा गप."

भिंगरीची नाडी शहाण्णव आली. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले. थेंबने ते पाहिले आणि पुढची पायरी चढली.

शंभराव्या पायरीवर तिची एकशे सोळा भरली, भिंगरीची एकशे वीस.

"मोजायला चुकलीस," भिंगरी म्हणाली.

"मी?"

भिंगरीने शब्द मागे घेतला. थेंबला मोजण्यात चुकलीस म्हणणं म्हणजे माशाला पोहता येत नाही म्हणणं.

दीडशेव्या पायरीवर थेंब एकशे चोवीस, भिंगरी एकशे चाळीस. काकूंनी दोन्ही आकडे लिहिले आणि भिंगरीच्या आकड्याभोवती गोल केला, रिपोर्टमध्ये बिघडलेल्या आकड्याभोवती करतात तसा.

"तुझ्या त्या नाडी मंदावणाऱ्या गोळीमुळे कमी येतेय तुझी," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

"ती मार्चमध्येच बंद झाली."

"मग काकूंची मोजा."

"माझं नाव घेऊ नका. माझं पेनसुद्धा थरथरतंय." काकू पायरीवर बसल्या. भिंगरीही भिंतीला टेकून त्यांच्या शेजारी घसरली.

"तू हो पुढे," ती हात हलवत म्हणाली. "कंट्रोल फेल. मशीन बंद."

थेंब हसली. छातीत धडधडत होतं, चांगलं जोरात, पण ते आता भिंगरीच्या छातीतही धडधडत होतं, काकूंच्याही. दीडशे पायऱ्यांचं होतं ते. पायऱ्यांचंच होतं.

ती एकटी निघाली. शेवटी शेवटी तिने दोन दोन पायऱ्या घेतल्या.

वरच्या गच्चीवर वाऱ्याने पदर ओढून घेतला. तिने दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरला. हृदय कानात वाजत होतं. ते तिने वाजू दिलं. समोर अडवायला काहीच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा.

"तुमच्या तिथे कोणी फोन उचलत नाही. कुठे आहेस तू?"

"मी वर आलेय," ती म्हणाली.

पलीकडे एकदम शांतता पसरली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, आणि तिला हसू आवरेना.

"अहो, तसं वर नाही. दीपस्तंभावर. भिंगरी आणि काकूंबरोबर."

"लिफ्ट आहे?"

"नाही."

"किती पायऱ्या?"

"दोनशे चार."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो बसल्याचाही.

"नाडी किती?"

"मोजली नाही."

खालून भिंगरीचा आवाज जिन्यातून घुमत वर आला, काकूंशी कशावरून तरी वाद घालणारा. थेंब वाट पाहत उभी राहिली.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "काय दिसतंय तिथून?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि कठड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "डावीकडून सुरू करते."