आता म्हणायला कुणी नाही

बोल्ट तुटतो तेव्हा आवाज अगदी छोटा येतो. टक्. पण त्यापुढे जो घोळ सुरू होतो ना, तो विचारूच नका!

इंजिन होडीवाल्या आजोबांचं होतं. होडीच्या मागे टांगतात, तसलं. ते सारखं तापतंय म्हणून मी पाण्याच्या वाटेवरचं झाकण उघडायला घेतलं. तीन बोल्ट लोण्यासारखे निघाले. मी खुशीत गाणं म्हणतेय, तेवढ्यात चौथ्याने मान टाकली. खाऱ्या पाण्याने तो आत पार चिकटला होता. डोकं माझ्या पान्यात, धड इंजिनात.

"मोडलंस वाटतं?" आजोबा दारातच उभे होते.

"मी नाही आजोबा, त्यानेच राजीनामा दिला."

"तोंड ताईपेक्षा जास्त चालतं तुझं. हात चालतो का बघू." ते हसत निघून गेले.

आमच्याकडे बोल्ट तुटला की आधी हात धुवायचे, साबण लावून, सावकाश. बाबांचा नियम. चिडक्या हाताने दुसराही बोल्ट तुटतो, म्हणायचे. बाबा गेल्यावर ही दुरुस्तीची शेड ताईने चालवली, आणि मी शाळा सुटली की तिच्या हाताखाली. मग ताईला लांबच्या बंदरात मोठ्या बोटींवर नोकरी लागली. जाताना म्हणाली, "काही अडलं तर फोन कर. सुट्टी काढून येईन."

आणि माझं मेलं काही अडेचना! कार्बोरेटर साफ, प्लग बदल, सगळं धडाधड. शाळेत तर मी इतकी फुशारकी मारली की मैत्रिणी मला बघून पळायला लागल्या. आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून येईपर्यंत शेडमध्ये मी आणि माझाच आवाज.

हात धुतले आणि ताईला फोन लावला. "बोल्ट तुटला!" बातमी जणू बक्षिसाचीच.

"बाहेर किती राहिलाय?"

"नखाएवढा."

"नको हात लावूस. शनिवारी मी येते. आजोबांना म्हणावं, थांबा."

शनिवारी! मी शेडमध्ये गिरकी घेतली. आता गप्प बसायचं, बस्स. पण गप्प बसेन तर ती मी कसली! तो नखाएवढा तुकडा माझ्याकडे बघून दात काढत होता.

हे काम दोघींचं. ताई गॅसच्या टॉर्चने बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम तापवायची. मग मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आट्यांत उतरायचं. मग म्हणायची, "आता!" की मी पक्कड फिरवायची. थोडं पुढे, थोडं मागे. उशीर झाला की सगळं गार, आणि पुन्हा पहिल्यापासून.

एकटीला हात दोनच. टॉर्च धरू, मेणबत्ती धरू, की पक्कड? दोनदा गार झालं. मग सुचलं! टॉर्च टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, आणि चाकांच्या स्टँडवरचं इंजिनच ज्योतीपाशी ढकलत नेलं. तापलं. पायाने स्टँड मागे ओढला. मेण टेकवलं, आत गेलं. पक्कड लावली, आणि सवयीने थांबले.

कुणी काही म्हणालंच नाही.

"आता," मीच म्हणाले. रिकाम्या शेडमध्ये ते फारच मोठ्याने ऐकू आलं.

पुढे. मागे. पुढे. करकरला. आणि फिरला! अख्खा बाहेर, आटेसुद्धा शाबूत!

मी उड्या मारतच फोन लावला. "ताई, निघाला! एकटीने काढला, टॉर्च व्हाइसमध्ये लावून!"

"काय सांगतेस! शहाणी गं माझी! बरं झालं बाई, सुट्टी मागायचं जिवावर आलं होतं. मग आता शनिवारी यायला नको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"छे, कशाला येतेस उगाच," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

चौथ्या भोकात नवा बोल्ट ग्रीस लावून हाताने फिरवत बसले. अलगद जात होता. शाबासकी द्यायला भिंतीवर नुसते पाने टांगलेले. अर्ध्यातच थांबले, हात पुसले आणि पुन्हा फोन लावला.

"आता काय तुटलं?" ताई म्हणाली.

"काही नाही. काहीच अडलेलं नाहीये. तरी येशील?"

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती "आले, आले," म्हणाली त्यांना. मागे यंत्रांची घरघर.

"बघते गं," ताई म्हणाली. "मागून बघते सुट्टी."

मी अर्धा राहिलेला बोल्ट पुढे फिरवायला घेतला.