अर्धेच दाखवलेले जहाज

मित्रांनो, मी एक जुने लाकडी जहाज आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसलात ना? हसा खुशाल. पण जे जहाज जन्मात कधी पाण्यात उतरले नाही, त्याला समुद्राची ओळख दुसऱ्यांच्या बोलण्यातूनच होणार. आणि आमच्या रत्नागिरीची माणसे समुद्राविषयी बोलायला लागली, की त्यातले निम्मे बोलणे काळजीचे असते.

माझा जन्म मिरकरवाड्याच्या बंदरावर झाला. तिथे सदू सुतार मासेमारीच्या बोटी बांधायचे. गनीचाचांनी तेव्हा नुकताच प्रवासाच्या बुकिंगचा धंदा सुरू केला होता. एका प्रवासी जहाजाचे चित्र घेऊन ते सदूंकडे आले आणि म्हणाले, “सदू, असां जहाज बनव. पन एक बाजू उघडी ठेव. लोकांना आतल्या खोल्या दिसायला पायजेत.” सदूंनी चित्र उलटसुलट करून पाहिले. “आणि जाळी कुठं ठेवतात हे लोक?” असे त्यांनी अगदी मनापासून विचारले. उभा जन्म ट्रॉलर बांधण्यात गेलेला माणूस तो! त्यांनी उरलेल्या सागाच्या फळ्यांतून मला घडवले खरे, पण सवयीचा हात कुठे जातो? माझे नाक ट्रॉलरचे आणि पाठीमागचा भाग बड्या हॉटेलचा, असे माझे रूप आहे. तरीही मी चाचांना आवडले.

बंदराच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गाळ्यात काचेच्या पेटीत मला जागा मिळाली. आखातात नोकरीला निघालेल्या पोरांची विमानाची तिकिटे तिथे निघत, हजला जाणाऱ्यांची चौकशी तिथेच होई, आणि पुढे पुढे मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या सहलीच्या जहाजांचे बुकिंगही होऊ लागले. तेव्हापासून माझे खरे काम सुरू झाले. गिऱ्हाईक आले की चाचा पेटी उघडत आणि पेन्सिलीचे टोक माझ्या वरच्या मजल्यावर ठेवत. इथे मोकळी गच्ची, इथे जेवणघर, इथे तुमची खोली, ही खोली घेतलीत तर डोके गरगरेल, ती घ्या. असे करत करत पेन्सिल सगळ्यात खालच्या मजल्यावर उतरायची. तिथे एक पांढरी रंगवलेली खोली आहे. तो जहाजावरचा दवाखाना. तिथपर्यंत पोचल्याशिवाय चाचा गिऱ्हाइकाला उठू देत नसत. लोक जांभया द्यायचे, चहा गार व्हायचा, पण खालचा मजला व्हायलाच हवा. शाळेत जातायेता मुले काचेला नाक लावून मला बघायची, तेव्हा मला जरा मान ताठ करावीशी वाटायची.

मग घरोघरी मोबाइल आले. लोक यायचे, सगळे विचारून घ्यायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन आपले आपण बुकिंग करायचे. चाचा कुणाला काही बोलले नाहीत. माझ्या पेटीवर मात्र छपाईचे यंत्र येऊन बसले, त्यावर धूळ बसली. शेजारचा पासपोर्टचे फोटो काढणारा दुकान बंद करून गेला, त्या दिवशी भंगारवाल्याने आमच्या गाळ्यातही एक नजर टाकली. तेव्हापासून मला त्याच्या हातगाडीच्या चाकांचा आवाज सोसत नाही.

अशात एक दिवस दीप्ती आपल्या आईवडिलांना घेऊन आली. दीप्ती इथल्याच शाळेत शिकवते. तिचे वडील धोंडूभाऊ आणि आई येसूबाई अलोऱ्याच्या वसाहतीत राहतात. धोंडूभाऊंची सारी नोकरी कोयना प्रकल्पावर गेली. चाचांनी विचारले, “भाऊ, जहाजावरच का जायचां?”

धोंडूभाऊ लाजत म्हणाले, “धरणाचं पाणी लय बघितलं. गणपतीपुळ्याला काठावरनं समुद्रबी बघितला. एकदा मधनं बघायचाय.”

चाचांची कळी खुलली. यंत्र बाजूला झाले, माझी पेटी उघडली, पेन्सिल फिरू लागली. आणि मी पाहिले, की टेबलाखाली दीप्तीच्या हातातल्या मोबाइलवर तेच जहाज होते आणि तिथे तेच तिकीट बरेच स्वस्त होते. तिचे मन तिथेच ठरले. मित्रांनो, दीप्ती लबाड असती तर शेवटपर्यंत निवांत ऐकत बसली असती. पण ती होती भिडस्त. बुकिंग यांच्याकडे करायचे नाही आणि यांचा वेळ मात्र खायचा, हे तिला जड जाऊ लागले. पेन्सिल तिसऱ्या मजल्यावर असताना ती उठली.

“चाचा, बाकीचं मी बघते. आधीच खूप वेळ घेतला तुमचा.”

“अगो, खालचा मजला ऱ्हायला!”

येसूबाई दारापाशी घुटमळल्या. “पण ह्यांच्या इंजेक्शनांचं कसं करायचं, ते...”

“आई, ते मी बघते म्हटलं ना,” असे म्हणून दीप्तीने त्यांचा हात धरला.

 चाचांनाही भीडच पडली. ज्यांनी बुकिंग दिले नाही, त्यांच्या मागे किती लागायचे? पेन्सिल माझ्यावर तशीच टाकून ते बाहेर रस्त्याकडे बघत बसले. माझ्या मात्र सगळ्या फळ्या आतून थरथरल्या. आजवर कुणी मला अर्धे बघून उठले नव्हते.

त्यानंतर धोंडूभाऊ निघाल्याचे चाचांच्या कानावर आले, तेही बाजारात. आणि जहाज मुंबईहून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, चाचा शटर अर्धे ओढत होते, तेव्हा दीप्ती वाकून आत शिरली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ओठ पांढरे पडले होते.

“चाचा, बाबांचं इन्सुलिन... खाली राहिलं.”

“बस आधी. पानी पी. काय जाला?”

झाले होते ते असे. येसूबाई नेहमी एसटीने जाताना करतात तसेच त्यांनी केले होते. थर्मासात बर्फ, बर्फात इंजेक्शनच्या बाटल्या, आणि तो थर्मास तांदळाच्या भाकऱ्या व सुकटीच्या चटणीच्या पिशवीत, दोन फडक्यांत गुंडाळून. पण जहाजावर बाहेरचे खाणे चालत नाही. बंदरावरच्या माणसाने पिशवीला चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवली, परत येताना न्या म्हणाला. मोठ्या बॅगांनाही तशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि त्या आपोआप खोलीत येणार होत्या. येसूबाईंना वाटले, पिशवीही तशीच येईल. बॅगा आल्या. पिशवीची वाट बघत त्या बसल्या आणि जहाज सुटले.

“आज किनाऱ्याजवळून जाताना रेंज आली असेल, आईचा फोन आला,” दीप्ती म्हणाली. “बाबा कालपासून इंजेक्शनाशिवाय आहेत. उलट्या होतायत. जहाज लागलंय असं समजून खोली झाडणाऱ्यानं लिंबू आणून दिलं. आणि आईनं... चाचा, चक्कर येते म्हणून आईनं साखरेचं पाणी पाजलंय. घरी साखर उतरली की ती तसंच करते. मी ओरडले, नको पाजू, नको पाजू! तिला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. फोन तुटला तो तुटलाच.”

कंपनीच्या नंबरवर तिने पुन्हा पुन्हा फोन लावला होता. तिथे यंत्र बोलायचे. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. शेवटी एक मुलगी बोलली ती फार गोड बोलली. तक्रार लिहून घेतली आहे, मेल पाठवा, उत्तर येईल, असे तिने सांगितले.

चाचांनी एजंटांसाठी असलेला वेगळा नंबर लावला. पलीकडच्या माणसाने बुकिंगचा नंबर तपासला आणि म्हणाला, की हे बुकिंग तुमच्या एजन्सीचे नाही, आम्हाला ते उघडता येत नाही.

“बुकिंग माझा नाय, मानूस माझा हाय,” चाचा म्हणाले. “जहाजावर निरोप तरी धाडा.” वरिष्ठांना कळवतो, असे म्हणून त्याने फोन ठेवला.  मला वाटले, आता संपले.

मग चाचांनी वेगळाच मार्ग धरला. आमच्या किनाऱ्यावरून जाणारे असे एकही जहाज नसेल, ज्यावर इथल्या कुणा घरचा माणूस नाही. त्यांनी एकामागून एक घरी फोन लावायला सुरुवात केली. त्या जहाजावर आपला कोण हाय? एकाचा भाऊ सुट्टीवर आलेला होता, दुसऱ्याचा जावई तेलवाहू जहाजावर होता. शेवटी बंदरामागे राहणाऱ्या रझियाबाईंचा नंबर लागला.

“आमचा उमेर त्याच जहाजावर हाय की,” त्या म्हणाल्या. “जेवनघरात. पन काम संपल्याबिगर फोन चालू करत नाय तो, मंग जहाजाचा वायफाय लावतो. काय जाला वो?”

चाचांनी त्यांच्याकडून उमेरचा नंबर घेतला, दीप्तीकडून खोलीचा नंबर विचारून घेतला आणि मोबाइल तोंडाजवळ धरून निरोप बोलून पाठवला. उमेर, अशी अशी खोली, अलोऱ्याचे धोंडूभाऊ, साखरेचे दुखणे, साखर अजिबात देऊ नका, लगेच खालच्या दवाखान्यात ने. निरोपाखाली एकच खूण उमटली. म्हणजे तो अजून पोचला नव्हता.

मित्रांनो, त्या एका खुणेकडे आम्ही तिघे बघत होतो. बाहेर बर्फाच्या गाड्या जात होत्या, मासळीच्या लिलावाचा आरडाओरडा चालला होता. दीप्ती उठली आणि माझ्या पेटीसमोर उभी राहिली.

“चाचा, तो खालचा मजला कुठाय?”

चाचांनी पेटी उघडून बोट ठेवले. ती पांढऱ्या खोलीकडे बघत राहिली. मग तिने बोटानेच आईवडिलांच्या खोलीपासून तिथवरची वाट शोधली. माझे जिने सदूंनी फार अरुंद केले आहेत. “एवढ्या खाली?” ती म्हणाली. “आईला हे कसं सापडेल? तिला तर दवाखाना आहे हेच माहीत नाही. मी ऐकूच दिलं नाही.” आणि ती माझ्या काचेला डोके टेकून रडू लागली. मी त्या क्षणी खरे जहाज असते, तर दिशा सोडून सरळ रत्नागिरीला परत फिरले असते. पण मी लाकडाचे खोके. भिण्यापलीकडे मला काय करता येणार?

किती वेळ गेला कोण जाणे. दुसरी खूण उमटली. मग दोन्ही निळ्या झाल्या. आणि त्यानंतर काहीच नाही! ती शांतता तर आधीपेक्षा भयंकर होती. चाचा पुटपुटत दुआ मागत होते.

फोन वाजला तेव्हा दीप्तीने कान झाकून घेतले. चाचांनी आवाज मोठा केला. उमेरचा आवाज तुटत तुटत येत होता.

“चाचा, काकांना घेऊन खाली आलोय. श्वास लई जोरात चालला होता. वळखत पन नव्हते. डॉक्टरनी सलायन लावलंय, इन्सुलिन दिलंय. काकींच्या हातात साखरपान्याचा गिलास तसाच होता, म्या काढून घेतला. डॉक्टर म्हनतात, सकाळपर्यंत सांगता येत नाय.”

सकाळपर्यंतची ती रात्र कशी गेली, हे मी सांगणार नाही. मला ती आठवायची नाही. उजाडल्यावर चाचा लवकर आले, तेव्हा त्यांचा चेहरा बघायचेही मला धाडस होत नव्हते. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला आणि कुणाला तरी फोनवर म्हणाले, “डोळे उघडले. चाय मागतोय बाबा. बिनसाखरेचा!” आणि हसता हसता ते रडले.

आईवडील परतल्यावर दीप्तीसह तिघेही दुकानात आले. धोंडूभाऊंचा सदरा अंगावर लोंबत होता. येसूबाई चाचांसमोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “खोलीत फोन व्हता, भावजी. हात लावला तर पैसं लागतील, म्हून मी त्याच्याकडं बघत बसले. एक बटन दाबलं असतं तर डॉक्टर आला असता, असं उमेर म्हनाला. माजा मानूस माज्यासमोर जात व्हता आणि मी फोनाकडं बघत व्हते.” चाचांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मग त्यांनी धोंडूभाऊंना विचारले, की मधून समुद्र बघितला का? “कसला बघतोय?” ते म्हणाले. “दवाखान्याला खिडकीच नाय!”

त्यानंतर दीप्ती शाळेत ज्याला त्याला सांगते, की जहाजाने जायचे तर आधी गनीचाचांकडे जा, खालच्या मजल्यापर्यंत सगळे ऐकून घ्या. आणि लोक येतात बरे का! पेन्सिल पुन्हा फिरते, मी पुन्हा पुसून लख्ख होते. लोक खालच्या मजल्यापर्यंत ऐकतात, चहा पितात, चाचांचे आभार मानतात आणि घरी जाऊन मोबाइलवर बुकिंग करतात. चाचा म्हणतात, स्वस्त मिळते तर माणसाने का घेऊ नये? परवा गाळ्याचा मालक येऊन गेला. या वर्षअखेरीस जागा रिकामी करायची असे काहीसे बोलणे झाले. चाचांनी होकाराची मान हलवली.

मित्रांनो, तुम्ही मोबाइलवर बुकिंग करू नका, असे मी सांगणार नाही. मोबाइलवर सगळी माहिती असते, फक्त काय विचारायचे राहिले आहे हे तो तुम्हाला सांगत नाही. म्हणून ज्याच्याकडे अडल्यावर धावत जावेसे वाटते, त्याला अडलेले नसतानाही जगवा. कधीतरी एक तिकीट त्याच्याकडूनही काढा. त्याचे बोलणे अर्धे सोडून भिडेपोटी उठू नका, आणि तो बोलायचा थांबला तर त्याला पुढचे विचारा. कारण आता पाण्याची भीतीही मला तेवढी वाटत नाही. मला भीती वाटते ती त्या संध्याकाळची, जेव्हा पुन्हा कुणाची तरी लेक धावत या रस्त्याने येईल आणि शटर बंद असेल. ती दोन्ही हातांनी ते बडवेल. आणि मी आत असेन. मला सगळे मजले ठाऊक आहेत, पण मला बोलता येत नाही.