एकोणीस मिलिमीटर

कोट्रम्माने सुई स्टीलच्या पट्टीला लावली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली आणि आकडा सांगितला.

"एकोणीस."

"दे," डॉक्टर म्हणाले.

सुई पुन्हा दस्तगीरच्या उघड्या तोंडात गेली. दाढेच्या मुळातली नळी साफ करणारी ती सुई केसाहून थोडी जाड, आणि तिच्या अंगावर लाल रबराची एक टिकली. टिकलीपासून टोकापर्यंत एकोणीस मिलिमीटर, कारण दस्तगीरची दाढ तेवढीच खोल होती. सुई आत जाण्याआधी मोजायची, बाहेर आली की पुसून पुन्हा मोजायची. पूर्वी हे डॉक्टर स्वतः करत आणि कोट्रम्मा नुसती कापूस धरून उभी राहायची. मग त्यांच्या चष्म्याचा नंबर एका वर्षात तीनदा बदलला आणि पट्टी तिच्या हातात आली. हे कधी झालं, कुणी ठरवलं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

दावणगेरेत आता गल्लोगल्ली दातांचे दवाखाने झाले होते. कॉलेजातून दरवर्षी नवी पोरं बाहेर पडत आणि नव्या पाट्या लागत. तरी मंडीपेटेतल्या या जिन्यावरून डॉक्टर मुरगेप्पांकडे जुनी माणसं चढून यायची. जिना चढून डॉक्टरांनाच अलीकडे धाप लागे. आल्यावर ते पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत.

दस्तगीरने चूळ भरली. बधिर झालेला अर्धा ओठ त्याने बोटाने चाचपून पाहिला.

"साहेब, किती खणताय? एवढ्यात बोअरला पाणी लागलं असतं."

"गप्प राहा. तोंड उघड."

"उघडतो हो. पण नीट करा. डावीकडे तर मैदानच झालंय, चावायला एवढी एकच बाजू राहिलीय. दिवसभर भट्टीवर चुरमुरे भाजायचे आणि घरी येऊन ते चहात बुडवून खायचे, हे काय जिणं झालं? सून हसते. म्हणते, मामा, तुम्हाला खिमटच करून घालते."

"घालू दे की. फुकट मिळतंय."

"अक्का, तुम्ही तरी सांगा यांना."

कोट्रम्मा मास्कच्या आड हसली आणि पुढची, जराशी जाड सुई मोजून दिली. एकोणीस.

डॉक्टरांनी ती फिरवायला सुरुवात केली. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. पंखा कुरकुरत होता. एका फेऱ्याला त्यांचं मनगट थबकलं, अगदी थोडं, पोथीचं पान उलटताना बोट अडावं तसं. मग त्यांनी सुई बाहेर काढली आणि नेहमीप्रमाणे न बघता मागे धरली.

तिने पुसली, पट्टीला लावली. टिकली जागच्या जागी होती. टोक जिथं असायला हवं तिथं नव्हतं. तिने पट्टी उजेडाकडे वळवली. सोळा. तीन मिलिमीटर आत राहिले होते, मुळाच्या पार तळाशी.

"किती?"

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या अन्नपूर्णाबाईंच्या दाढेत असंच झालं होतं. तेव्हा कोट्रम्माने खरा आकडा सांगितला होता.  डॉक्टरांनी दाढ तशीच भरली, बाईंना "झालं छान" म्हणून पाठवलं, आणि पुढचे चार दिवस ते दवाखान्यात आले नाहीत. पाचव्या दिवशी आले तेव्हा दाढी वाढलेली होती. त्यानंतर दोनदा सुई तुटली, तरी तिने आकडा पुराच सांगितला होता. पुरा आकडा ऐकला की त्यांची मान थोडी सैल व्हायची.

"एकोणीस," ती म्हणाली.

डॉक्टरांचा हात क्षणभर तसाच मागे राहिला.

"बरं. भरायची तयारी कर."

ती टेबलाकडे वळली. काचेच्या पट्टीवर पूड घेतली, दोन थेंब टाकले आणि कालवायला लागली. सकाळपासून अकरावा पेशंट. पायाच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पहाटे उठून आंघोळ, मग लिंगपूजा, ती झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही; आणि मग दिवसभर लोकांच्या तोंडांत. तिचा डावा हात आपोआप छातीकडे गेला, पदराखाली इष्टलिंगाची चांदीची डबी, करडगी, होती तिथं. बोटं टेकायच्या आधीच थांबली. हातमोज्याला दस्तगीरची लाळ लागलेली होती.

लेप तयार होऊनही ती कालवत राहिली. मग तो घट्ट व्हायला लागला.

"कोट्रम्मा, झालं का?"

"डॉक्टर," ती पाठमोरीच म्हणाली, "सोळा."

 खुर्चीत आडव्या पडलेल्या दस्तगीरने आधी एका डोळ्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि स्वतःच्या हाताने गालातला कापूस काढला.

"अक्का, मघाशी एकोणीस म्हणालात ना? मी इथं पडल्यापडल्या आकडेच ऐकत होतो. दुसरं काय करणार? यातलं खरं कुठलं?"

"सोळा."

"म्हणजे काय?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला, परत लावला आणि खुर्ची सरळ केली, दस्तगीर बसता होईपर्यंत.

"सुईचं टोक तुटलं, दस्तगीर. आत राहिलंय."

"माझ्या दाढेत?"

"हो."

"आता दुखेल?"

"आता नाही. मी तशीच भरली असती तर वर्ष, दोन वर्षं तुला काही कळलंही नसतं. पण त्याच्या खालची घाण साफ व्हायची राहिलीय. एखाद्या दिवशी गाल सुजला असता, आणि मग दाढ काढावी लागली असती."

दस्तगीरने ओठ पुसला. बधिर बाजूने थोडी लाळ ओघळली होती, तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"आणि तुम्ही भरणारच होता."

डॉक्टरांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे.

"बावीस वर्षं येतोय मी इथं," दस्तगीर म्हणाला. "माझ्या अम्मीची कवळी तुम्ही केलीत. ती घालूनच गेली ती." त्याने गालावर तळवा ठेवला. "राहील का दाढ?"

"कॉलेजात स्फूर्ती म्हणून आहे, माझ्या हाताखाली शिकलेली. तिच्याकडे दुर्बीण आहे, तुकडा दिसतो त्यातून. निघू शकतो. निघेलच असं नाही सांगत. चिठ्ठी देतो, आजच जा."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. काय झालं ते त्यात स्वच्छ लिहिलं, खाली सही केली. कोट्रम्माने दाढेवर तात्पुरता लेप बसवला. तिच्या हाताला आज नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

चपला घालताना दस्तगीर दारात थांबला. काहीतरी लागट बोलायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण बधिर जिभेने ते नीट जमेना.

"सुईसुद्धा माझ्याच नशिबात मोडायची होती," एवढंच तो म्हणाला आणि कठडा धरून जिना उतरला.

बाहेर बाकावर अजून दोघं बसली होती. डॉक्टरांनी त्यांना उद्या यायला सांगायला लावलं. कोट्रम्मा सांगून परत आली तेव्हा ते हातमोजे काढून टेबलाशी बसले होते.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आधीच सांगायला हवं होतं."

"माझ्या हाताला कळलं होतं."

तिने मास्क खाली ओढला.

"सुई तुटते तेव्हा कळतं, कोट्रम्मा. डोळे गेले तरी कळतं. मी तुझ्या आकड्याची वाट बघत होतो. तू एकोणीस म्हणालीस, म्हणून मी भरायला मागितलं." त्यांनी कागद पुढे ओढला. "आधी किती वेळा?"

ती कार्डांच्या कपाटाकडे गेली नाही. तशी गरज नव्हती.

"अन्नपूर्णाबाई, शाळेतल्या. ते मी खरं सांगितलं होतं."

"हो."

"कापडवाले विरुपण्णा. गेल्या श्रावणात. आणि बस स्टँडजवळची ती शिवणकाम करणारी, पंकजा. तिच्या डावीकडच्या खालच्या दाढेत."

डॉक्टर सावकाश लिहीत गेले. 

"झाले?"

"झाले. एवढेच."

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. खाली आणखी एक नाव लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. कोट्रम्माने वाचलं. मुलीचं नाव होतं, आडनाव ओळखीचं नव्हतं.

"ही कोण?"

"तू कोट्टूरला रथाच्या जत्रेला गेली होतीस त्या दिवशी. मोजायला कुणी नव्हतं." ते खिडकीकडे बघत होते. "एकोणीस वर्षांची असेल. लग्न ठरलं होतं तिचं. माझ्या हाताला तेव्हाही कळलं होतं."

खालून रिक्षांचे आवाज येत होते. कोट्रम्माने पदराला हात पुसले आणि टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"कुणापासून सुरू करू?" त्यांनी विचारलं.

तिने त्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं.